फळ्यावर राहून गेलेला धडा

मंदाबाई साळवी भित्र्या होत्या. कुणी मागून बोलायचं म्हणून हे सांगत नाही, त्या स्वतःच सांगायच्या. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलणार, वीज कडाडली की पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभ्या राहणार, आणि चार माणसं एका जागी जमून मोठ्याने बोलू लागली की बाई पदर डोक्यावर घेऊन तिथून निघून जाणार. भिवंडीच्या टेमघरातल्या एका लहानशा वाचनालयात त्या नोकरीला होत्या. एवढ्या भित्र्या बाईला पुस्तकांशिवाय दुसरं कोण सांभाळणार, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या.

ही भीती जन्माची नव्हती. चौऱ्याऐंशी साली भिवंडीत दंगल झाली तेव्हा त्या नोकरीत नव्या होत्या. दिवसभर आतून कडी लावून त्या दोन कपाटांच्या मधे बसून राहिल्या. रस्त्यावरून धावत जाणारी माणसं ओरडत होती, अमुक गल्ली पेटली, तमुक पुलावरून लोक येतायत, आपली पोरं कापली. पुढे कळलं की त्यातलं निम्मं घडलंच नव्हतं. घडलं ते भयंकरच होतं, पण न घडलेलं ऐकूनही माणसं काठ्या घेऊन बाहेर पडली होती. मंदाबाईंना तेव्हापासून आगीपेक्षा ओरडण्याची धास्ती जास्त.

म्हणूनच पुढच्या वर्षी त्यांनी वाचनालयाच्या ओट्यावर एक फळा टांगून घेतला. रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायची, त्यातल्या नेमक्या बातम्या खडूने मोठ्या अक्षरात लिहायच्या आणि खाली वर्तमानपत्राचं नाव टाकायचं. ऐकीव काही लिहायचं नाही. रात्रपाळी संपवून लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, परतणारे कामगार तिथे थांबायचे, हंडे घेऊन निघालेल्या बाया कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या. हळूहळू गल्लीचा असा विश्वास बसला की बाईंनी लिहिलं म्हणजे झालं, त्यावर बोलायचं नाही. मंदाबाईंना हे आवडायचं. खरं सांगायचं तर त्या थोड्या फुगल्याही होत्या.

नव्वदच्या पुढे साक्षरतेची मोहीम आली आणि दुपारचा बायकांचा वर्ग त्यांच्या गळ्यात पडला. तोही त्याच ओट्यावर, त्याच फळ्यावर, कारण मागितलेला दुसरा फळा काही आला नाही. वर्गातली सगळ्यात उत्साही विद्यार्थिनी म्हणजे हौसा. पन्नाशीची, मानकोलीहून या गल्लीत लग्न होऊन आलेली, वाचनालयाच्या समोरच राहणारी. अक्षरओळख झाल्यापासून तिला काही दिसलं की वाचायची खाज सुटायची. बिस्किटाचा पुडा, ट्रकची पाठ, दुकानाची पाटी, काही म्हणून सोडायची नाही. बारीक अक्षर मात्र तिला जड जायचं.

ब्याण्णव साली पुण्याहून एक गृहस्थ आले. देशभरासाठी एक आराखडा तयार होत होता. नुकतं वाचायला शिकलेल्या माणसाला माहिती शोधायची कशी, पारखायची कशी आणि वापरायची कशी, हे कसं शिकवावं याचा आराखडा. एक समिती बसली होती, आणि समितीला गल्लीबोळात शिकवणाऱ्या माणसांकडून धडे हवे होते. गृहस्थांनी फळा पाहिला आणि बाईंना सांगितलं, खोटी बातमी कशी ओळखावी यावर एक धडा तुम्ही करा. उदाहरण रोजच्या जगण्यातलं घ्या, धर्माचं नको, राजकारणाचं नको. मंदाबाईंनी फार विचार केला आणि पाणी निवडलं. पाण्याहून निरुपद्रवी काय असणार, असं त्यांना वाटलं.

धडा करून पाहायचा दिवस उगवला तो त्र्याण्णवच्या जानेवारीत. मुंबई जळत होती. भिवंडीत अजून काही झालेलं नव्हतं, पण सगळं गाव श्वास रोखून बसलं होतं. लूमचा खडखडाट अर्ध्यावर आला होता. वर्ग बंद ठेवावा असं बाईंच्या शंभरदा मनात आलं, पण वर्ग बंद ठेवला तर बाईंना काहीतरी कळलंय अशी बोंब उठेल, म्हणून त्यांनी तो घेतला.

फळ्याच्या वरच्या कडेला त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं की हा आजचा धडा आहे, खालच्या दोन बातम्यांतली एक खोटी आहे, ती कोणती ते ओळखा. मग पोस्टाच्या बदललेल्या वेळेची खरी बातमी लिहिली. आणि सर्वांत खाली, ठसठशीत अक्षरात, टाकीचे पाणी पिऊ नका. आता कोणी सांगितलं, कोणी पाहिलं, कधी पाहिलं हे प्रश्न लिहायचे आणि मग धडा तोंडी समजावायचा होता. एवढ्यात पोलिसांची जीप कर्ण्यातून ओरडत आली. घरी जा, जमाव करू नका. बाया चपला शोधत पांगल्या. मंदाबाईंच्या हातातला खडू पडला. त्यांनी कुलूप लावलं आणि पदर डोक्यावर घेऊन जवळजवळ धावतच घर गाठलं. फळा पुसायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

रोजची बातमी जिथे असायची तिथेच, रोजच्याच अक्षरात, ती ओळ राहिली.

संध्याकाळी हौसा आपल्या दारात आली आणि तिने ती वाचली. वरचं बारीक सोडून दिलं, खालचं ठसठशीत तेवढं वाचलं. धड्याला सगळ्यांच्या मागे बसल्याने ती ओळ तिला तेव्हा दिसलीच नव्हती, आणि कर्णा ऐकून सर्वांत आधी उठल्याने तिला वाटलं की बाईंनी जाता जाता ताजी बातमी लिहून ठेवली. कुणाच्या मदतीवाचून वाचलेली तिची ही पहिली बातमी. ती पोटात ठेवणार कशी? दोन घरं सांगितली, तिथून बातमीला पाय फुटले. पाणी पिऊ नका म्हणजे पाण्यात काहीतरी आहे. काहीतरी आहे म्हणजे कुणीतरी टाकलं. आणि टाकीची चावी कुणाकडे असते, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

ती असायची शमसूचाचांकडे. शमसुद्दीन मोमीन, पाणी सोडणारे. बापाच्या हातमागावर वाढलेले, पुढे चावीच्या नोकरीला लागलेले, दाढी पांढरी झाली तरी हातात लोखंडी चावी घेऊन सायकलवर गल्लीगल्ली फिरणारे. पाणी दहा मिनिटं उशिरा आलं तर बाया त्यांना हक्काने शिव्या घालायच्या आणि ते हसून ऐकून घ्यायचे.

सकाळी मंदाबाई वळणावर आल्या आणि थांबल्या. ओट्यासमोर माणसंच माणसं. मधोमध चाचांची सायकल आडवी पडलेली. हौसाचे दीर केसरीनाथ, दोन ट्रकचे मालक, गल्लीतला वजनदार माणूस, यांनी चाचांच्या सदऱ्याची गळपट्टी धरली होती. केसरीनाथ मुळात वाईट नव्हते. त्यांच्या नातवाला पहाटे उलट्या झाल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला कारण सापडलं की तो ते सोडत नाही. काही जणांच्या हातात लूमचे लाकडी दांडे होते.

परत फिरावं, असं मंदाबाईंना वाटलं. अगदी खरं वाटलं. कपाटांच्या मधली ती जागा डोळ्यांपुढे आली. मग नजर फळ्यावर गेली, स्वतःचं अक्षर दिसलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं त्यांना एका क्षणात कळलं.

गर्दीतून वाट काढत त्या ओट्यावर चढल्या. त्यांनी सांगितलं की हे खोटं आहे, मीच लिहिलंय, वर्गाचा धडा आहे, पाण्यात काही नाही. आवाज असा काही निघाला की पुढच्या रांगेपलीकडे पोचला नाही.

केसरीनाथांनी मात्र ऐकलं. "खोटं हाय तर लिवलंत कशाला, बाई?"

आराखडा, समिती, पुण्याचे गृहस्थ, यांतलं मंदाबाई काय सांगणार? मागून कुणी म्हणालं की बाई घाबरल्यात, त्यांच्यावर दाब आलाय, म्हणून आता फिरवतायत. इतकी वर्षं त्यांच्या अक्षरावर बसलेला विश्वास आता त्यांच्या तोंडावर बसायला तयार नव्हता. त्या फळा पुसायला वळल्या तर एका पोराने डस्टर हिसकावलं. पुसायचं नाही, पुरावा आहे, म्हणाला.

केसरीनाथांनी चाचांना ओट्याशी ओढत आणलं आणि त्यांचं तोंड फळ्याकडे केलं. "वाच. काय लिवलंय ते वाच."

चाचा फळ्याकडे बघत राहिले. त्यांना उर्दू येत होतं, हिंदी पाटी कशीबशी लागायची, मराठीचा हा मजकूर त्यांच्या भेदरलेल्या डोळ्यांना कुठून लागणार? त्यांच्यावर ठेवलेला आळ त्यांच्यासमोर लिहिलेला होता आणि तो काय आहे हेही त्यांना कळत नव्हतं. "मेरे को नहीं आता, भाई," ते एवढंच म्हणाले. कुणीतरी म्हणालं, बघा, वाचत नाही. एक दांडा वर गेला.

मंदाबाईंना पुढे कधीच नीट आठवलं नाही की त्यांना ते कसं सुचलं. त्यांना गर्दीच्या कडेला हौसा दिसली, तोंडावर पदर दाबून उभी, पांढरी फटक. समोर राहणाऱ्या, दिसेल ते वाचणाऱ्या हिच्याच तोंडून बातमी निघाली असणार, आणि आज तिच्याखेरीज कुणाचं कुणी ऐकणार नाही, एवढं त्यांना उमगलं.

"हौसाबाई, वर ये. वरून वाच. सगळं वाच."

हौसा म्हणाली, वरचं बारीक आहे, मला जमत नाही. बाईंनी तिचा हात धरला. केसरीनाथ म्हणाले, "वाच वहिनी, वाच. सगल्यांना ऐकू दे."

हौसा वाचू लागली. अक्षराला अक्षर जोडत, अडखळत, मागे येत. आ, ज, चा. आजचा. ध, डा. धडा. दांडा वर घेतलेला पोरगा तसाच उभा. एवढी माणसं, आणि एका बाईच्या तोंडून पुढचं अक्षर कधी निघतंय याची वाट बघत होती. चाचांच्या गळ्यावरची मूठ सैल झाली नव्हती. एका शब्दापाशी हौसा थांबली, पुन्हा थांबली. मागे कुजबुज सुरू झाली. मंदाबाईंना शब्द सांगावासा वाटला, पण त्यांनी ओठ दाताखाली धरले. सांगितला तर तो त्यांचा शब्द झाला असता.

"बा-त-म्यां-त-ली. बातम्यांतली. एक. खो-टी. खोटी आहे."

पुढच्या रांगेतल्या पोरांना वाचता येत होतं. कालपासून त्यांनी ही बातमी दहा जणांकडून ऐकली होती, पण ऐकलेलं पुन्हा कोण वाचतं? आता हौसाच्या बोटामागून त्यांचे डोळे चालले आणि तिच्या आधीच शेवटाला पोचले. एकाने मान खाली घातली. दांडा हळूच खाली आला. हौसाने ओळ संपवली, पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली, आणि मग मोठ्याने रडू लागली. म्हणाली, "मीच अर्धं वाचलं. माजीच चूक हाय."

केसरीनाथांनी मूठ सोडली. सदऱ्याची चुरगळलेली गळपट्टी त्यांनी हातानेच जराशी सारखी केली. माफी मागितली नाही. "चाचा, पानी सोड," एवढं बोलून ते गेले. माणसं पांगली. त्या दिवसांत भिवंडी शांत राहिली. मोठमोठ्या लोकांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं, या ओट्यावरचं कुणाला कळलंही नाही.

पुढच्या वर्षी आराखड्याच्या बैठकीसाठी मंदाबाई पुण्याला गेल्या. उभ्या राहिल्या आणि त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. टेबलाभोवतीच्या विद्वानांना प्रसंग फार आवडला. अफवा कशी निवळली याचं उत्तम उदाहरण, असं अध्यक्ष म्हणाले. मोठा तक्ता केला होता, त्यात शोधणे, पारखणे, वापरणे असे तीन रकाने होते. मंदाबाईंनी विचारलं, बातमी खोटी ठरली, पण ती ज्याच्यावर होती त्या माणसाचं पुढे काय करायचं, हे कुठल्या रकान्यात येतं? मग अध्यक्ष समजुतीने म्हणाले की प्रश्न चांगला आहे, पण आराखड्याच्या कक्षेबाहेरचा आहे. खोटं वाक्य फळ्यावर एकटं सोडू नये, ही सूचना मात्र त्यांनी तळटीप म्हणून घेतली.

बाईंच्या प्रश्नामागे होतं ते वेगळंच. ते त्यांना रोज दिसायचं, आणि बैठकीत सांगायला त्यांची जीभ रेटली नव्हती.

त्या सकाळनंतर चाचांनी नोकरी सोडली नाही, गल्लीही बदलून मागितली नाही. रोज यायचे, चावी फिरवायचे. नळ फुसफुसायचा, पाणी यायचं, बाया हंडे पुढे करायच्या. पण पहिला हंडा लागायच्या आत चाचा वाकायचे, नळाखाली ओंजळ धरायचे आणि सगळ्यांच्या देखत पाणी प्यायचे. मग बाजूला व्हायचे. रमजानात काय करायचे, तर त्या महिन्यात मुलाला सोबत आणायचे आणि त्याला पाजायचे. शाळकरी वयाचा मुलगा होता तो, अजून रोजे धरत नव्हता.

कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. कुणी नको म्हणालंही नाही. बाया हंडा धरून थांबायच्या, नकळत, त्यांचं पिऊन होईपर्यंत.

एकदा मंदाबाईंना राहवलं नाही. ओट्यावरून उतरून त्या नळाशी गेल्या आणि म्हणाल्या, चाचा, आता बस करा, सगळ्यांना कळलंय की ते खोटं होतं.

चाचांनी दाढीवरचं पाणी पुसलं. ते रागावलेले नव्हते, आणि तेच मंदाबाईंना सोसलं नाही.

"मालूम है, बाई," ते म्हणाले. "कोई पूछे, उससे पहले पी लेता हूँ."

आणि सायकल घेऊन ते पुढच्या गल्लीत गेले.