सुनंदाला शिकवलेला उच्चार

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, ह्यांना माझं सगळं ठाऊक आहे — हे सोडून.

जबलपूरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. घरात कुणाला अर्ज लिहायचा असो की औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचं असो — मोठ्या बाईंना विचारा. मला ते आवडायचं. आवडायचं काय, त्याच्याच जोरावर मी घरात वावरत होते.

सुनंदा माझी धाकटी जाऊ. पांढुर्ण्याजवळच्या खेड्यातली, दहावीपर्यंत शिकलेली. दीर गेल्यापासून खालच्या मजल्यावर एकटीच राहते. तिची मुलगी पल्लवी अमेरिकेत असते, कॅलिफोर्नियात, समुद्राकाठच्या एका गावात. पल्लवीचे दिवस भरत आले तेव्हा सुनंदानं बाळंतपणाला जायचं ठरलं. एकटीनं. आगगाडीनंही कधी एकटी न गेलेली बाई ती. मग तिची तयारी कोण करून घेणार? मीच.

दुपारी चारला ती वही घेऊन वर यायची. मी विमानतळावरचा अधिकारी व्हायचे आणि प्रश्न विचारायचे. कुठे जाणार, असं पहिल्याच दिवशी विचारलं. ती म्हणाली, ला होया.

मी तिला थांबवलं. नाव कागदावर लिहून दाखवलं — हा बघ जे, हे दोन एल. यात ‘ह’ कुठे आहे? ‘य’ कुठून आला? ती हळूच म्हणाली की पल्लवी तसंच म्हणते. मी म्हटलं, पल्लवी घाईघाईत बोलते, तू लिहिलंय तसं म्हण — ला जोला. तिनं ते वहीत देवनागरीत उतरवून घेतलं. मी दहा वेळा म्हणवून घेतलं. आणि पत्त्याचा कागद मोठ्या बॅगेत तळाशी ठेवायला लावला. कागद पुढे केला की लोक अडाणी समजतात, तोंडानं पूर्ण वाक्य सांगायचं — हेही माझंच.

इथवर ते अज्ञान होतं. नुसत्या अज्ञानाची गोष्ट सांगायला मी बसले नसते.

ती निघायच्या नऊ दिवस आधी मी फोनवरच्या डिक्शनरीत ते नाव टाकलं. सहज? नाही — पल्लवी तिथेच राहते, ती चुकेल कशी, हे मला टोचत होतं. स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवलं. आतली बाई म्हणाली, ला होया. मी चार वेळा ऐकलं. खाली लिहिलं होतं की नाव स्पॅनिश वळणाचं आहे, जे चा ‘ह’ होतो, दोन एल चा ‘य’ — आणि इंग्रजीतसुद्धा ते तसंच म्हणायचं.

नऊ दिवस होते माझ्याकडे. ती रोज चारला समोर येऊन बसत होती. सुनंदा, तुझंच बरोबर होतं — किती वेळ लागतो एवढं म्हणायला? मी घाबरले होते असं म्हणू? घाबरले नव्हते. दहावी झालेल्या जावेपुढे चुकायचं मला नको होतं. एवढंच.

नागपूरच्या विमानतळावर सोडायलाही मीच गेले. तिलवाऱ्याच्या पुलावर तिनं नर्मदेला हात जोडले, मग माझ्याकडे वळून सगळं वाक्य म्हणून दाखवलं.

"बाई, मी बरोबर बोलून राहिली न?"

"एकदम बरोबर," मी म्हटलं.

पुढे पाच तासांचा रस्ता होता. त्या पाच तासांतही मी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी पल्लवीचा फोन आला. म्हणाली, "मोठी आई, विमान आलं, आई उतरलीच नाही." मला त्याच क्षणी कळलं. मी तिला म्हटलं, येईल गं, घाबरू नकोस.

झालं होतं ते असं. तिकडच्या पहिल्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, कुठे जाणार? ही म्हणाली, ला जोला. त्याला कळेना. मी शिकवलं होतं, समजलं नाही तर मोठ्यानं म्हणायचं — ती मोठ्यानं म्हणाली. कागद बॅगेत, फोन लागेना. त्यांनी तिला बाजूला खुर्चीवर बसवलं, हिंदी येणारं माणूस शोधून आणलं. तोवर पुढचं विमान निघून गेलं. त्यानंतरचं सात तासांनी होतं. पलीकडच्या विमानतळावर पल्लवी, नववा महिना, सुजलेले पाय — आई कुठे आहे हे तिला माहीत नाही.

पाच दिवसांनी बाळ सुखरूप झालं. त्यात माझं पुण्य काही नाही.

सुनंदा पाच महिन्यांनी परतली. आम्ही सगळे ग्वारीघाटावर गेलो. पूजा झाली, पायऱ्यांवर डबे उघडले, आणि माझ्या नणंदेनं विषय काढला. मोठ्या बाईंनी तर महिनाभर शिकवलं, मग तिथे काहून अडली तू?

आता मी चुकीचं शिकवलं होतं हे सुनंदाला कळलेलं होतं. कळणारच, पाच महिने ती त्याच गावात राहून आली होती. मी पुरीचा तुकडा हातात धरून वाट पाहत होते.

"बाईंनी होयाच शिकवलं होतं," ती म्हणाली. "मीच घाबरली न् जोला बोलली."

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तिला वाटत होतं — अजूनही वाटतं — की बाईंना ते माहीतच नव्हतं, आणि चारचौघांत त्यांची शोभा होऊ नये.

तेव्हा तरी मी बोलायचं ना? मी हसले. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, होतं असं, सुनंदा, मनावर घेऊ नकोस.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला नऊ दिवस आधीपासून ठाऊक होतं, आणि जी चूक तिची नव्हतीच, तिच्याबद्दल मी तिला सगळ्यांसमोर माफ केलं.