बंटीचं पाणी

घरात बंटीचा विषय निघाला की मी उठते. गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. गॅसवर काहीच नसतं. मी का उठते ते नवऱ्याला ठाऊक नाही, लेकीला नाही. माझ्या सख्ख्या आईलाही मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय – पण एक आधीच बजावते, ऐकून झाल्यावर मला गोड बोलून समजावायला येऊ नका. मला राग येतो. असतो माझ्यावरच, निघतो मात्र समोरच्यावर.

आधी बंटीचं सांगू? नाही – आधी लादीचं सांगते. त्या मेल्या लादीपासूनच सगळं सुरू झालं.

आम्ही दापोड्याचे. म्हणजे सासर दापोड्याचं. मी भिवंडी शहरात वाढलेली, वडील कोर्टात कारकून. लग्न होऊन आले तेव्हा इथे भातशेती होती. मग बघता बघता शेतांवर गोडाऊनं उभी राहिली, भाडं यायला लागलं आणि दोन हजार सालानंतर कधीतरी आमचं कौलारू घर पाडून तिथे बंगला झाला. हॉलला पांढरीशुभ्र लादी. मी निवडलेली! दुकानदार बिचारा सांगत होता, ताई, पांढरी नका घेऊ, बारीकसा डागही दिसतो. मी म्हटलं, दिसू दे की, पुसायला मी आहे. शहाणी मी!

सासूला आम्ही आय म्हणायचो. तिचा जन्म शेतातल्या चिखलात गेला, तिला लादीचं काय कौतुक? ती नव्या घरात आली ती बंटीला घेऊनच. गोडाऊनच्या गेटवर ट्रकखाली सापडता सापडता वाचलेलं पिल्लू, तिनेच काही वर्षांपूर्वी पदरात गुंडाळून जुन्या घरी आणलेलं. हॉलमध्ये तिची खाट, खाटेखाली बंटी आणि शेजारी त्याच्या पाण्याचा जर्मनचा टोप. सकाळी स्वतः चहा प्यायच्या आधी आय तो टोप भरायची. दुपारी तिला भाकरीबरोबर भाजलेला सुका बोंबील लागायचा. गोडाधोडाचं तिला काही नव्हतं, पण बोंबील नसला की ताटावरून उठताना म्हणायची, आज काय जेवल्यासारखा वाटला न्हाय. शेपटाकडचा एवढासा तुकडा बंटीला. बस, एवढीच त्या म्हातारीची चैन.

राहायला आम्ही आधीच आलो होतो, वास्तुशांत मागाहून ठरली. ती जवळ आली आणि बंटी हॉलमध्ये मुतायला लागला.

इतकी वर्षं घरात कधी थेंब न सांडलेला कुत्रा. आता खाटेपाशी जरासं, सोफ्यापाशी जरासं, दाराशी जरासं. मी फिनेल घेऊन त्याच्या मागे मागे. पुसून वळते तोवर दुसरीकडे! डोकं फिरलं माझं. मी त्याला झाडूने मारलं. मानेला धरून त्याचं नाक त्या ओल्यावर घासलं. तो ओरडलाही नाही हो, नुसता आयच्या खाटेकडे बघत राहिला. मग मला आणखीच चीड आली.

आणि मला दिसत नव्हतं असं नाही. बाहेर ट्रकच्या चाकाशी तो पाय वर करून उभा राहायचा – उभाच राहायचा – पाठीला बाक यायचा आणि पडायचे काय, तर चार थेंब. मग तिथेच बसून चाटत राहायचा. आय म्हणाली, “त्याला कायतरी होतंय गो. तो असा करनारा न्हाय.” मी म्हटलं, काही होत नाही आय, लाडावलाय तो.

मग माझ्या डोक्यात आलं – पितो म्हणून मुततो. पाणीच बंद केलं तर?

हेच ते. हेच सांगायचं होतं.

आय टोप भरून अंघोळीला गेली की मी तो उचलायची आणि बाहेरच्या जास्वंदीला ओतायची. तळाला घोटभर ठेवायची, संशय नको म्हणून. आय येऊन टोपात वाकून बघायची आणि तिचा चेहरा फुलायचा. “बग गो, सगला पानी प्याला!” असं मला हौसेने सांगायची. आणि मी हो म्हणायची. जास्वंद काय फुलली होती त्या दिवसांत! पूजेला फुलं विकत आणावी लागली नाहीत.

बंटी ओली लादी चाटायला लागला. मी पुसून पुढे सरकले की मागून येऊन चाटायचा, फिनेलसकट. मी फडक्याने हाकलायची. तहानेने कासावीस झालेलं जनावर मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मला लादी जास्त दिसत होती.

आणि डबकी कमी झाली. खरंच कमी झाली! मला वाटलं, जिंकले. आतून वाट बंद होत चाललीय म्हणून कमी झालीत, हे सुचायला काय डॉक्टर व्हावं लागतं?

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी लादीवर गुलाबी थेंब दिसले. आता म्हणू का, की मला कळलं नाही? बाईला रक्त कळत नाही होय? मी वाकले, पुसलं, फडकं धुतलं आणि पुरणाची डाळ निवडायला बसले. आयला सांगितलं असतं तर तिने सगळं सोडून ह्यांना गाडी काढायला लावली असती. अंगणात मांडव पडला होता. दिघाशीहून नणंदा यायच्या होत्या. मला त्या लादीवर जोडीने पूजेला बसायचं होतं. म्हणून तोंड बंद ठेवलं.

पूजेच्या दिवशी बंटीला मागे पाण्याच्या टाकीजवळ बांधलं. टाकीजवळ! आत पाणी, बाहेर तो. गावजेवण उठलं, तेव्हा आय पानातलं उरलेलं घेऊन त्याच्याकडे गेली आणि तिची हाक ऐकून आम्ही धावलो. पोट टम्म फुगलेलं, ओकलेला, उठता येत नव्हतं. जेवायला आलेल्यांत म्हशींचा डॉक्टर होता. त्याने पोटाला हात लावला आणि म्हणाला, लघवी तुंबलीये, आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्या. ह्यांनी सोवळ्यावरच शर्ट चढवून गाडी काढली. मागे आय, तिच्या मांडीवर बंटी, शेजारी मी नव्या शालूत.

ठाण्याच्या डॉक्टरांनी नळी घातली. वाळूसारखे मुतखड्याचे कण आले, रक्त आलं. मग त्यांनी विचारलं – कधीपासून त्रास आहे? आधी रक्त दिसलं होतं? पाणी किती पितो? सगळे माझ्याकडे बघायला लागले. घर मी बघत होते ना. मी म्हटलं, आजच लक्षात आलं. रक्त नाही दिसलं. पाणी? भरपूर पितो.

आणि आय, माझी भाबडी सासू, माझ्या बाजूने साक्ष द्यायला पुढे सरसावली. “व्हय डाक्टर, टोपच्या टोप रिकामा करतंय.” खाण्यात काय असतं विचारलं, तेव्हा तिने तेही खरं खरं सांगितलं. बोंबलाचा तुकडा. डॉक्टर लिहिता लिहिता एवढंच म्हणाले, खारट देत नका जाऊ.

दुसऱ्या दिवशी बंटी गेला. मूत्रपिंडं आधीच गेली होती म्हणाले.

घरी पाहुणे अजून होते. त्या सगळ्यांसमोर हे आयवर ओरडले, “तुझ्या बोंबलांनी मारला त्याला! कितीदा सांगायचं तुला?” कितीदा काय, एकदाही सांगितलं नव्हतं. आय पदर तोंडाला लावून खाटेवर बसून राहिली. मी चहाचा ट्रे धरून तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं – अहो, तिने नाही, मी. किती वेळ लागतो बोलायला? मी चहा वाटला.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाने आवडीचं काहीतरी सोडतात. आयने बंटीच्या नावाने बोंबील सोडला. नणंदा हसल्या, कुत्र्यासाठी कोण सोडतं? तिने सोडला. मग रोज दुपारी मी तिला भाकरी आणि भाजी वाढायची, ती चिवडत बसायची. शेजारी कुणी बोंबील भाजला, वास आला, की कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची. मला ते रोज दिसायचं. रोज! वर्षं गेली अशी. आणि मला लोक म्हणायचे, सासूचं किती करतेस गो!

शेवटच्या दुखण्यात तिच्या तोंडाची चव गेली होती. काही घशाखाली उतरेना. मी बोंबील भाजला, काटे काढले, बारीक कुस्करला आणि ताटली तिच्यापुढे धरली. म्हटलं, आय, एक घास खा, आता कसलं सोडणं? तिने हातानेच ताटली सारली.

“नको गो. मीच मारला ना त्याला.”

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, शुद्धीत होती, ऐकू चांगलं येत होतं तिला. मी म्हटलं, बरं, राहू दे. ताटली उचलली आणि स्वयंपाकघरात आले.

आय ते तसंच उरात घेऊन गेली.

तो बोंबील मी ओट्याशी उभ्यानेच खाल्ला. चांगला खरपूस झाला होता.