तिच्या नावाची हजेरी

सरकारी शाळांचं वाटोळं कुणी केलं, असा विषय निघाला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. घरचे मला तोंडाळ म्हणतात आणि ते काही खोटं नाही. पण कुणी मास्तरांना बोल लावायला लागलं, कुणी पुढाऱ्यांना, कुणी आईबापांना, की माझ्या डोळ्यांपुढे निळ्या पट्ट्यांची एक सतरंजी पसरते. तिच्यावर कौलांच्या फटींतून आलेले कवडसे हलत असतात. मी नऊ वर्षांची होते आणि त्या सतरंजीवर मांडी घालून बसते.

सतरंजी आमची होती. शाळा आमची नव्हती.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो आणि बेहालाला वरचा मजला भाड्याने घेऊन राहिलो. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. तेव्हाचं बेहाला आठवलं की मला आधी पाणीच आठवतं. दर दोन घरांआड एक तळं, तळ्याकाठी नारळ आणि केळी, आणि सकाळी घरोघरच्या कोळशाच्या चुलींचा धूर पाण्यावर उतरून तसाच तरंगत राहायचा. त्या धुरातून ट्रामची घंटा ऐकू यायची. ट्राम दिसायची नाही. मी बराच काळ समजत होते की घंटा तळ्याच्या तळाशी वाजते.

मी त्याच ट्रामने इंग्रजी शाळेत जायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला नगरपालिकेची फुकट प्राथमिक शाळा होती, पण तिथे मला घालावं असं आईबाबांच्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्यासारख्या कुणाच्याच मनात ते येत नसे. शाळा म्हणजे एक लांबट कौलारू खोली. तीन कोपऱ्यांत तीन इयत्ता बसायच्या आणि चौथ्या कोपऱ्यात एक बादली. पावसाळ्यात छत तिथे गळायचं. पावसाळा सरला तरी बादली हलत नसे, कारण पुढचा पावसाळा यायचाच होता. तिन्ही इयत्तांना शिकवायला एकच बाई होत्या. सगळे त्यांना दीदीमणी म्हणत. बारीक अंगाच्या, पांढऱ्या साडीतल्या, आणि बोलताना सारख्या हातावरचा खडू झटकणाऱ्या.

माझी मैत्रीण त्या शाळेत तिसरीत होती. ते लोक फाळणीनंतर एक पत्र्याची ट्रंक घेऊन पूर्व बंगालातून आले होते आणि तळ्यापलीकडे बांबूच्या तट्ट्यांच्या झोपडीत राहत होते. ती माझ्याहून वर्षाने मोठी. कडेवर कायम धाकटी बहीण, वर्गातसुद्धा. एका हाताने बहिणीला थोपटत ती दुसऱ्या हाताने पाटीवर भागाकार करायची आणि माझ्या आधी तिचं उत्तर तयार असायचं. मला तिचा हेवा वाटायचा. मी तिच्यावर जीव टाकायचे, हेही तितकंच खरं.

दुपारी ती आमच्याकडे खेळायला आली की आई विचारायची, "लाडू खाणार का ग?" ती लगेच म्हणायची, "हो." मग दोन्ही हात पुढे. एक बहिणीसाठी, एक स्वतःसाठी. ती गेल्यावर आई हसून म्हणायची, पोर गुणी आहे, पण वळण नाही हो. आमच्या घरचं वळण वेगळं होतं. परक्या माणसाने काही हवं का विचारलं, की आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नकोच. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर आईकडे बघायचं, आणि तिच्या पापण्या खाली झुकल्या तर घ्यायचं. बंगाली घरांत आग्रह जबरदस्त, त्यामुळे या नियमाने मी कधी उपाशी राहिले नाही. उलट सगळे मला गोड मुलगी म्हणत आणि आईची मान ताठ होई.

त्या हिवाळ्यात, नाताळच्या सुट्टीच्या सुमाराला, शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार असं कळलं. दीदीमणींनी एक अर्ज लिहून ठेवला होता. तिसरी संपली की मुलींना पुढे जायला जागा नाही, तेव्हा इथेच चौथी उघडावी आणि एक शिक्षिका वाढवून द्यावी. चौथी असलेली शाळा ट्रामच्या रस्त्यापलीकडे, लांब होती. माझ्या मैत्रिणीच्या वडलांनी स्वच्छ सांगितलं होतं की पोरीला एकटीला तिकडे धाडणार नाही. म्हणजे चौथी इथे उघडली तर ती शिकणार, नाही तर तिची शाळा संपली. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. आम्ही दोघींनी त्या बादलीच्या कोपऱ्यात तिची बसायची जागासुद्धा ठरवून ठेवली होती. खिडकीजवळ, जिथून तळं दिसायचं.

पण इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर सगळी गल्ली हलली. शेजारचे एक पेन्शनर आजोबा पुढारी झाले. साहेब म्हणजे आपल्या गल्लीचा पाहुणा, त्याच्यासमोर फाटकं मांडायचं का, असं त्यांचं म्हणणं. आईला तर हे पटायला वेळच लागला नाही. पाहुणा येणार म्हटलं की पसारा पडद्याआड ढकलायचा आणि ठेवणीतली कपबशी काढायची, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. तिने हळदीकुंकवाची निळ्या पट्ट्यांची सतरंजी दिली. कुणी भिंतीवरचं घड्याळ दिलं, कुणी नकाशा, कुणी खुर्ची. बादली माळ्यावर गेली आणि तिच्या जागी कुंडीतला झेंडू आला. आईने पहाटे उठून शाळेच्या दारात रांगोळीसुद्धा काढली. ती बघायला बायका लांबून आल्या.

दीदीमणी एवढंच म्हणाल्या, "आहे ते त्यांना दिसू द्या ना, दीदी."

आईने आपल्या मोडक्या बंगालीत, अर्धं हिंदी मिसळून, त्यांची समजूत घातली. साहेब प्रसन्न झाले तरच काही देतील, रडक्या घराला कोण देतं, असं काहीसं. दीदीमणींनी हातावरचा खडू झटकला. आईचं चुकलं असं मला तेव्हा मुळीच वाटलं नाही. मला तर आपल्याकडे लग्न असल्यासारखा आनंद झाला होता.

पटावरच्या मुली हजर दिसायला हव्यात, पण वर्गात तान्ही पोरं नकोत, असं आजोबांनी फर्मावलं. मग माझ्या मैत्रिणीचं काय करायचं? बहिणीला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तोडगा आईनेच काढला. मैत्रिणीने बहिणीला घेऊन आमच्या गॅलरीत बसायचं आणि मी तिच्या जागेवर. मला सुट्टी होती, बंगाली फडाफडा येत होतं. आईने माझ्या वेण्या घट्ट घातल्या आणि इस्त्रीचा फ्रॉक चढवला. जाताना मैत्रिणीने आपली पाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, भागाकार विचारला तर घाई करू नकोस.

त्या सकाळचं ऊन मला अजून दिसतं. कौलांच्या फटी तशाच होत्या, त्यांच्यावर काही झाकता आलं नव्हतं. पण हिवाळ्यात गळणाऱ्या छपरातून फक्त ऊनच गळतं, आणि तेही सुरेख दिसतं. सतरंजीवर कवडशांची दुसरी रांगोळी पडली होती. धुळीचे कण त्यात वर-खाली होत होते. हजेरी सुरू झाली. तिचं नाव आलं आणि मी म्हणाले, "उपस्थित." माझ्याच आवाजात ती हजर झाली. माझ्या अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर मजाही वाटली.

इन्स्पेक्टर साधे, दमलेले गृहस्थ होते. चष्मा पुसत होते आणि छत्री कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. सगळी गल्ली दारात उभी, आई सगळ्यांत पुढे. त्यांनी नकाशा बघितला, घड्याळात बघितलं, बशीतली संदेश मिठाई खाल्ली. मग दीदीमणींनी अर्ज त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी उभ्या उभ्या वाचला, खोलीभर नजर फिरवली आणि तिसरीत कोण कोण आहे असं विचारलं. पहिलं नाव तिचं होतं. मी उभी राहिले.

त्यांनी मला भागाकार विचारला नाही. ते थोडे वाकले, आणि बंगाली माणसं पोरीला म्हणतात तसं मला मा म्हणत अगदी मायेने बोलले. तसा मायाळू आवाज मी नंतर कुठल्याच कचेरीत ऐकला नाही.

"तुला इथे काही कमी आहे का, मा? काही हवं आहे?"

मी आईकडे बघितलं. तिच्या पापण्या वरच होत्या.

"नको," मी म्हणाले. "काही नको."

आणि थांबले. आता ते दुसऱ्यांदा विचारणार, मग तिसऱ्यांदा, मग आईच्या पापण्या झुकणार आणि मी म्हणणार की चौथी हवी. तो कोपरा हवा, खिडकीजवळचा. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आणखी एक सांगते, कारण सांगायचं ते सगळंच सांगावं. त्या क्षणी ते खोटंही नव्हतं. मला, माझ्यापुरतं, खरंच काही नको होतं. माझी शाळा ट्रामच्या दुसऱ्या टोकाला नीट उभी होती.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, छत्री उचलली आणि ते पुढच्या कोपऱ्याकडे वळले. दीदीमणींनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

जानेवारी सरत आला तेव्हा पत्र आलं. शाळेची स्थिती समाधानकारक असल्याने वाढीव वर्गाची तूर्त गरज दिसत नाही. संध्याकाळी आजोबांच्या ओट्यावर माणसं जमली आणि ज्याने त्याने आपापला गुन्हेगार धरला. इन्स्पेक्टर आंधळा, नगरपालिका चोर, दिल्लीला बंगालचं काही पडलेलं नाही, निर्वासितांनी गर्दी केली, बायकांना शिकवता येत नाही. बाबाही खाली गेले होते. त्यांच्या नोकरीत त्यांना स्वतःलाच कचेऱ्या तपासत हिंडावं लागायचं. वर येऊन ते आईला इतकंच म्हणाले की तपासनीस दिसतं तेच लिहितो. आई सतरंजीची घडी घालत होती आणि ती घडी काही तिच्या मनासारखी बसेना. बादली खाली उतरली आणि आपल्या जागी गेली.

माझ्या मैत्रिणीची शाळा संपली. ती घरी जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्या चिकटवायला लागली. दुपारी आम्ही तळ्याच्या पायरीवर बसायचो, बहीण मधे. आणि ती मला दर दुपारी तेच सांगायला लावायची.

"त्या दिवशी मी काय काय केलं ते सांग."

मी सांगायचे. तू पहिल्या रांगेत बसलीस. तुझं नाव घेतलं तेव्हा तू उपस्थित म्हणालीस. तुझ्या गुडघ्यावर एक कवडसा पडला होता, तू हात ठेवलास की तो हातावर यायचा. साहेबांच्या छत्रीची मूठ पोपटाच्या चोचीसारखी होती. ती डोळे मिटून ऐकायची. पुडीचा कागद तिच्या हातात तसाच राहायचा आणि पाण्यावरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत राहायचा. मला ते इतकं आवडायचं की त्या सकाळी तीच तिथे होती असं मलाही वाटायला लागलं होतं. एक गोष्ट तेवढी मी रोज गाळायचे.

एका दुपारी तिने विचारलं, "त्यांनी मला काही विचारलं नाही का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती डोळे उघडून बघत होती. मी सांगितलं. काही हवं आहे का, असं विचारलं. आणि तू नको म्हणालीस.

तिने हातातला पुडीचा कागद पायरीवर ठेवला. मी आमच्या घरचा नियम सांगितला. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको. मी वाट बघत होते ग, शप्पथ. पण त्यांनी पुन्हा विचारलंच नाही. हे बोलता बोलता मला रडू फुटलं आणि बहीणही माझं बघून रडायला लागली.

तिने बहिणीला कडेवर घेतलं, थोपटलं. ती चिडली नव्हती. भागाकारात माझी चूक सापडली की ती जशी हळू बोलायची तशीच बोलली.

"मला एकदाच विचारलं असतं तरी चाललं असतं. मी पहिल्यांदाच हो म्हणते."

मला ते माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं.