तूट विचारणाऱ्या रंगारी मॅडम

केंद्राचा अर्थसंकल्प असायचा त्या दिवशी देवरीच्या आमच्या कॉलेजात सगळ्यांचे कान आयकराकडे लागलेले असत. सुनंदा रंगारी मॅडम मात्र डबा न उघडता मोबाईल कानाला लावून बसत आणि भाषण संपलं की आम्हाला एवढंच विचारत, "तूट किती?" उत्तर कोणालाच ठाऊक नसे.

त्या तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. सरकारनं मिळकतीपेक्षा जास्त खर्च करू नये, जुनं कर्ज उतरवत जावं आणि हे सरकारच्या मर्जीवर न सोडता, आजच्यासारख्या पळवाटा नसलेल्या कायद्यानं बांधून टाकावं, असं त्यांचं ठाम मत होतं. कोणी वाद घातला, तर शांतपणे म्हणायच्या, "तसा कायदा नसला तं आवरते कोण?"

लोकसभेच्या प्रचारात बाजार चौकात सभा होती, आम्ही दोघी गेलो होतो. उमेदवार एकामागून एक योजना जाहीर करत होता, टाळ्या थांबत नव्हत्या. मॅडम उठल्या. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवला.

"पैसा कर्जाचाच ना? मग ज्याचा जन्म अजून व्हायचा हाय, त्याच्या नावानं तुम्ही कायले सही करून राहिले?"

टाळ्या थांबल्या. हिला गरिबाचं भलं बघवत नाही, असं मागून कोणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकल्या, काही माणसं आमच्या दिशेनं येऊ लागली. गर्दीतून आम्ही कशाबशा बाहेर पडलो, तेव्हा मॅडमच्या एका पायात चप्पल नव्हती.

खरा घाव घरी बसला. धाकटा भाऊ विलास नागपुरात बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचा. टाळेबंदीत काम बुडालं, तेव्हा तो बायकापोरांना घेऊन पायी गावी आला होता. तो म्हणाला, "ताई, तवा फुकट रेशन भेटलं, ते सरकारनं कर्ज काढूनच देल्लं ना? तुझा कायदा असता तं माह्या पोट्ट्यायनं काय खाल्लं असतं?"

दुसऱ्या दिवशी हे मॅडमनीच मला सांगितलं. पुढच्या तासाला शेजारच्या वर्गातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. आपण आजवर अर्धंच सांगितलं, असं त्या पोरांना सांगत होत्या. संकटात सरकारनं कर्ज काढलंच पाहिजे. पण संकट सरल्यावर ते उतरवायला कायद्यानं भाग पाडलं पाहिजे.

सभेतलं आणि वर्गातलं, दोन्ही संस्थाचालकांपर्यंत पोचलं; उमेदवार त्यांच्या जवळचा होता. त्यांनी बोलावलं, मी सोबत गेले. ते गोडीनं बोलले. चूक तुम्हीच कबूल केली आहे, तेवढंच उमेदवारासमोर बोला, माफी मागा, पुढच्या वर्षीच्या तासिका पक्क्या. मॅडमना दुसरी मिळकत नव्हती. त्या खुर्चीतून उठल्या.

"चुकलं ते मी पोरांसमोर सांगितलं," त्या म्हणाल्या. "प्रश्न विचारला, ते चुकलं नाही."

बाहेर विलास मोटारसायकल घेऊन उभा होता. बहिणीचा चेहरा बघून काय झालं ते त्याला समजलं.

"तुझं म्हणनं मले आताही पटून नाही राहिलं," तो म्हणाला. "गाडीवर बस."

आमच्या कॉलेजातला तो त्यांचा शेवटचा दिवस. गाडी हायवेला लागली, तरी मागे बसून भावाला काहीतरी पटवून देणारा त्यांचा हात हलताना दिसत होता.