पाचही बरोबर

माझा मेहुणा आयुष्यात कधी खोटं बोलला नाही, आणि तरी त्याच्याइतकं साऱ्या जगाला फसवणारा माणूस मी पाहिलेला नाही. हे सगळं त्याने एका शब्दावर निभावलं. बेंगळुरात जन्म काढलेल्या आम्हा मराठी मंडळींच्या तोंडी 'स्वल्प', म्हणजे थोडंसं, हा कानडी शब्द येता-जाता असतोच, पण याने त्याला अगदी राबवून घेतलं. खांद्याचं हाड मोडून हात गळ्यात बांधून आला. किती लागलं रे, विचारलं तर म्हणे, "स्वल्प." करंगळी भलत्याच दिशेला वळली, तीही स्वल्पच. मार खाऊन खाऊन डाव्या कानाचं कांदाभजं झालं होतं, स्थळ घेऊन आलेल्या मंडळींनी भीत भीत विचारलं, "ऐकू येतं ना?" तर त्यांनाही, "स्वल्प." ते स्थळ अर्थातच परत आलं नाही.

हा माणूस रग्बी खेळायचा. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगत, "कबड्डीच हो, फक्त चेंडू घेऊन पळायचं." घरातही तो सरळ चालत नसे, दारातून आधी खांदा आत यायचा आणि मागून तो. भरलेला सिलिंडर दिसला की उचलून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एकदा येलहंक्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीचा टेम्पो बंद पडला. दुसऱ्या कुणी चार माणसं बोलावून ढकलला असता. याने आधी त्या चौघांना एकमेकांच्या कमरेत हात घालून, माना खाली करून दोन ओळींत वाकायला शिकवलं, पायाखालच्या वाळूबद्दल सूचना दिल्या आणि मग "हं, आता" म्हणाला. टेम्पो सुटला तो थेट नारळवाल्याच्या ढिगात जाऊन थांबला, कारण ड्रायव्हर बिचारा पाचवा म्हणून यांच्यातच वाकला होता. अक्का, म्हणजे माझी बायको, दोन दिवस हसत होती.

बारा वर्षं त्याने चिखलाच्या मैदानावर फुकट हाडं झिजवली आणि बत्तिसाव्या वर्षी कुठे एका व्यावसायिक लीगच्या संघाने त्याला घेतलं. पाठीवर आडनाव छापलेली जर्सी मिळाली. सासूबाईंनी टीव्हीवर सामना बघायला अख्खी बिल्डिंग बोलावली. आणि सामन्याला चार दिवस असताना सरावात कुणाचा तरी गुडघा याच्या डोक्यात बसला. संध्याकाळी मला फोन करून म्हणाला, "भावोजी, अक्काला सांगू नका." दहा मिनिटांत हेच सांगायला त्याने तीनदा फोन केला, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच केल्यासारखा.

डोक्याला मार बसला की या खेळात डॉक्टर परीक्षा घेतात. पाच शब्द सांगायचे, मध्ये इकडचं तिकडचं विचारायचं आणि दहा मिनिटांनी ते पाच शब्द परत म्हणून घ्यायचे. नाही जमलं तर खेळायचं नाही. संघाचे डॉक्टर मल्याळी होते. याने त्यांना पटवलं की माझं डोकं फक्त मराठीत चालतं, आणि मराठीसाठी दुभाषा म्हणून मला दुकानातून उठवून नेलं. डॉक्टरांनी इंग्रजीत शब्द दिले, मी मराठीत म्हटले: आरसा, वाळू, लोणी, खुर्ची, पतंग. त्याने ते लगेच घडाघडा म्हणून दाखवले. मला वाटलं, सुटलो.

दहा मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, "आता सांगा." तो माझ्याकडे बघत राहिला. एवढा आडदांड गडी, पण कपाळावर घाम आला होता. मग बोटं मोजत, पाढे म्हणावेत तशा एका सुरात तो म्हणाला, "आरसा. लोणी. भावोजी. वाचवा. मला." पाच बोटं झाली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. भला माणूस होता, माझ्यावर विश्वास ठेवून पेन उघडून बसला होता. माझ्या डोळ्यांसमोर ती जर्सी आली, सासूबाईंनी गोळा केलेल्या खुर्च्या आल्या. मी म्हणालो, "पाचही बरोबर."

शनिवारी तो खेळला. उत्तरार्धात पुन्हा डोकं आपटलं, पडला, उठला, आणि शांतपणे जाऊन समोरच्या संघाच्या ओळीत उभा राहिला. सासूबाईंच्या हॉलमध्ये सगळे खो खो हसले. त्याही हसल्या. मी उठून बाल्कनीत गेलो.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. त्याला उजेड सोसत नाही, घरातही काळा चष्मा लागतो. दर रविवारी अक्का त्याला आमच्याकडे आणते, कारण एकटा निघाला की वळण चुकतं. तिला त्या परीक्षेतलं काही ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही. तो तर कधीच सांगणार नाही.

गेल्या रविवारी मी त्याला संत्रं सोलून देत होतो. अक्का आत होती. न राहवून मी म्हटलं, "त्या दिवशी मी डॉक्टरांना खरं सांगायला हवं होतं रे."

त्याने हातातली फोड बशीत ठेवली. मग म्हणाला, "सांगितलं असतं ना भावोजी, तर मी जन्मात तुमच्याशी बोललो नसतो."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला त्याने, माझंच समाधान करायला. जन्मभर माझ्याशी न बोलणारा, माझ्या दारावरून तोंड फिरवून जाणारा, पण आपल्या पायांनी, आपल्या वाटेने जाणारा मेहुणा मला चालला असता.