भागीरथाबाईनं धुतलेला साबुकंद

भागीरथाबाईले धुतल्याशिवाय कोणताच माल घराबाहेर जाऊ द्यायची सवय नाई. पारशिवनीच्या बाजारात तिचे मुळे असे चमकत, की गिऱ्हाईक म्हणे, "मावशी, याले आता फक्त पावडर लावाची राह्यली." मातीनं भरलेला माल बाजारात मांडणारी बाई म्हणजे तिच्या लेखी केस न विंचरता मांडवात आलेली नवरी. ह्या धुण्यानंच तिचा साबुकंद बुडवला.

साबुकंद म्हणजे ज्याचा उपासाचा साबुदाणा बनते, थो कंद. आपल्या इकडं थो कोणी लावत नाई. पण तिची पोरगी नंदिनी बुटीबोरीले कापडाच्या कारखान्यात कामाले. तिच्या शेजारी केरळची शीजा राहाते. शीजानं गावाहून आणलेल्या त्याच्या खोडाच्या कांड्या देल्या अन् म्हणाली, लावा, आम्ही हा उकडून खातो, सगळे केरळवाले घेऊ. भागीरथाबाईनं त्या विहिरीजवळच्या तुकड्यात लावल्या. नेमका त्याच तुकड्यावर तिच्या नवऱ्याले, धोंडबाले, शेळ्यांचा गोठा बांधायचा होता.

"एक पीक पाह्यतो," थो म्हणे. "नाई विकलं तं खुटे गाडतो. मंग रडू नोको."

"रडन माही चप्पल!"

फागुनात कंद तयार झाले. बुटीबोरीवाल्यायले सुट्टी रविवारची. भागीरथाबाईनं गुरुवारीच अर्धा वाफा खणला. रताळ्यासारखे कंद खोडापासून तटातट तोडले, शेंड्या विळ्यानं छाटल्या, काथ्यानं घासघासून धुतले, उन्हात सुकवले अन् बोऱ्यात भरले. धोंडबा बाजेवर बसून पाहून राहिला होता.

"कंद हाय का जावई, येवढी आंघोळ घालून राह्यली?"

"तुमाले घातली असती तं शेळ्यायनं तरी तोंड फिरवलं नसतं."

रविवारी नंदिनीच्या दाराशी बोरे उघडले. वरून माल एकदम टकाटक. शीजानं एक कंद घेतला, मोडला. आत निळ्याकाळ्या रेघा, कोणी शाई सोडल्यावाणी. दुसरा मोडला, तोही तसाच. भोवतालच्या बाया पिशव्यायच्या घड्या घालू लागल्या.

"किडा नाई, सड नाई, अन् आतून काळा काहून?" भागीरथाबाई कावली.

शीजा हिंदीत समजावू लागली. बटाट्याले डोळे असतात, पुढं कोंब फुटावा म्हणून थो जीव धरून राहाते. ह्याले डोळाच नाई. नवं झाड फुटते कांडीतून, कंद म्हणजे झाडाची नुसती शिदोरी. तोडला की जखमेतून हवा आत शिरते अन् थो आपल्या आपणच काळा पडते, दोन-तीन दिवसांतच. जितक्या जखमा, तितका लवकर.

"और आपने तो दोनों तरफ से काटा, ऊपर से घिसा! डंडी के साथ लाना था अम्मा, मिट्टी के साथ."

"मातीसकट? हे आंधी सांगाले तुह्या तोंडात का गूळ होता?"

"हमारे यहाँ तो बच्चा भी जानता है!"

"मंग कांड्यायसोबत एक बच्चाच पाठवाचा होता ना, बाई!"

दुसऱ्या दिवशी ती घरी आली, तं नंदिनीच्या फोनवरून सारं ऐकून धोंडबा खुटे अन् कुदळ घेऊन वाफ्यात उभा.

"अर्धं पीक अजून जमिनीत हाय," ती आडवी आली. "तिथं थे खराब होत नाई. एक पीक म्हटलं होतं ना? पुरं होऊ द्या."

"पुन्हा धुशीन अन् पुन्हा फेकशीन."

"नाई धूत!" हे बोलताना तिले किती जड गेलं, थे तिच्या तोंडावर दिसून राहिलं होतं.

तिनं नंदिनीले फोन लावला: केरळवाल्यायले म्हण, मी काई आणत नाई, येऊन खणा अन् घेऊन जा. पुढच्या रविवारी शीजा टेम्पोभर माणसं घेऊन आली. खोडासकट गड्डे निघू लागले, चिखलानं बरबटलेले. भागीरथाबाईच्यानं पाहवेना. तिचा हात पायपाकडं गेलाच.

"अम्मा, पानी बंद!" शीजा ओरडली.

"बंद तं बंद! न्या तसेच घाणेरडे, मले काय करायचं!" पायप फेकून तिनं टेम्पोकडं पाठ केली.

दुपारपर्यंत वाफा रिकामा अन् तिच्या पदरात नोटा. तिनं लगेच उरलेल्या खोडांच्या कांड्या करून मातीत रोवाले घेतल्या. धोंडबा बांधावरून पाहत होता.

"अन् माह्या शेळ्या कोठी बांधू?"

"बांधा घरामागं. पण त्यायनं ह्या वाफ्यात तोंड घातलं, तं त्यायच्यासंगं तुमालेही टेम्पोत बसवून देईन."

धोंडबानं खुटे उचलले अन् शिव्या देत घरामागं गेला.