दादाची किक

आमचा दादा मोटारसायकलचा मिस्त्री. घराला लागूनच पत्र्याचं गॅरेज, तिथं त्याची बत्तीस वर्षं गेली. गिऱ्हाईक दारात थांबायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून, घोडं कुठं अडलंय ते तो सांगायचा. मी त्याची धाकटी बहीण, त्याच्याच घरात राहणारी. माझ्या तोंडाच्या पट्ट्यामुळं तो मला फटाकडी म्हणतो.

मागल्या वर्षी त्याची उजवी बाजू लुळी पडली. हळूहळू चालायला लागला, पण त्या पायात जोर काही आला नाही. डाव्यानं किक मारावी, तर उजव्यावर उभं राहता येत नाही. तरी रोज सकाळी आपल्या जुन्या गाडीला दहा-पंधरा किका मारायचा. सुरू झाली नाही की बुटक्या स्टुलावर बसून कार्ब्युरेटर उघडायचा. "कचरा अडकतोय गं कुठंतरी," म्हणायचा. मी हो ला हो करायची.

एकदा तो आंघोळीला गेला असताना मी किक मारून पाहिली. पहिल्याच किकेला गाडी सुरू! झटकन बंद केली. उद्या त्याच्यासमोर दुसऱ्या कुणी सुरू केली तर? दोष गाडीचाच राहावा म्हणून मी तिचा नवा प्लग काढून लपवला आणि भंगारातला एक मेलेला बसवला. मिस्त्रीच्या बहिणीला एवढं येतंच.

दुसऱ्या दिवशी दादानं प्लग काढला, उन्हात धरून फिरवला.

"हा माझा प्लग नाही."

मी गप्प. मी, आणि गप्प!

त्यानं नुसता हात पुढं केला. मी आतून नवा प्लग आणून त्याच्या तळहातावर ठेवला. तो बसवून दादा बाजूला झाला.

"मार किक."

"मला नाही जमत."

"मार गं, फटाकडे."

गाडी लगेच सुरू झाली. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "एवढे दिवस हिला उगाच नावं ठेवली. आता तू चालव. मी मागं बसतो."

जन्मात तो कुणाच्या मागं बसला नव्हता. मी बसले, पण त्याला पाय ओलांडता येईना. खाली उतरून मी दोन्ही हातांनी तो पाय उचलला आणि पलीकडं ठेवला. इतका हलका लागला की मला रडू आवरेना.

माझ्याकडं न बघता दादा म्हणाला, "चल, पेट्रोल जळतंय."